लोणावळ्याच्या बंगल्याचा विसार

सोलापुरात उन्हाळा येतो असे म्हणणाऱ्याने सोलापूर पाहिलेले नाही. येथे उन्हाळा राहतो. इतर ऋतू त्याच्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि लवकर उठतात. या एका गोष्टीवर माझी नोकरी उभी होती. माझे मालक तात्यासाहेब यांचे लोणावळ्यास तीन बंगले होते. उन्हाला कंटाळलेली आणि चार पैसे बाळगून असलेली मंडळी चैत्रापासून मृगापर्यंत ते भाड्याने घेत. भाडे ठरविणे, विसार घेणे, ताबा देणे, ताबा परत घेणे आणि मधल्या काळात तक्रारी ऐकणे हे माझे काम. संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमतीसाठी मला पगार नव्हता. तथापि काही प्रसंग घडले, ते लिहितो.

कचेरी म्हणजे सात रस्त्याजवळच्या तात्यासाहेबांच्या घराची ओटीवरील खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी पेटी, आणि माजघराच्या दारावर पडदा. पडद्यापलीकडे बाईसाहेब, म्हणजे तात्यासाहेबांचे कुटुंब, सुपारी कातरीत बसत. त्या कचेरीत कधी येत नसत. कचेरीत काय चालले आहे ते मात्र त्यांना माझ्याआधी कळे.

लोणावळेच का, असे पुष्कळ जण विचारीत. महाबळेश्वर अधिक थंड, हे मान्य. परंतु लोणावळ्यास सोलापूरहून गाडी न बदलता जाता येते. लोणच्याच्या बरण्या आणि सासूबाई बरोबर घेऊन प्रवास करणाऱ्यास या सोयीची किंमत कळते.

विसार म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगावे लागेल; ती त्यास डिपॉझिट म्हणते. व्यवहार पक्का झाला की घेणाऱ्याने भाड्याचा काही भाग आधी द्यावयाचा, तो विसार. आमच्याकडे तो विड्याच्या पानावर ठेवून घेत. पानावर ठेवलेल्या पैशाचा नियम जुना आहे. बंगला घेणारा फिरला तर विसार बुडाला. देणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करावयाचा. तात्यासाहेबांनी यात एक सवलत घातली होती. फिरलेल्या गिऱ्हाइकाच्या तारखांना दुसरा भाडेकरी मिळाला, तर पहिल्याचा विसार पुरा परत. सवलत चांगली होती. तिचा लाभ मात्र क्वचितच कोणास मिळे, कारण सोलापूरकर उन्हाळ्याचा बेत संक्रांतीलाच ठरवितो आणि मागाहून जो उरतो त्याला लोणावळे परवडत नसते.

एकाने घेतलेला बंगला दुसऱ्याच्या हवाली करण्यास मात्र सक्त मनाई होती. ही मनाई एका वकिलांमुळे आली. त्यांनी 'दोन माणसे व एक स्वयंपाकी' असे लिहून बंगला घेतला. ठरल्या दिवशी आमचा लोणावळ्याचा माळी धोंडी याची तार आली. तार इंग्रजीत होती, अर्थ असा: नवरदेव आला आहे, काय करू? वकिलांनी बंगला परस्पर आपल्या मेव्हण्यास लग्नासाठी दिला होता, आणि वाजंत्र्यांसह वऱ्हाड व्हरांड्यात उतरले होते. तात्यासाहेबांनी उलट तार केली: भाडे दुप्पट, अक्षता आमच्यातर्फे. दोन्ही गोष्टी पोहोचल्या. त्यानंतर नियम झाला.

दुसरे एक निवृत्त मामलेदार होते. ते बंगल्यात पुरा महिना राहिले, परत आले, आणि हवा पुरेशी थंड नव्हती म्हणून विसार मागू लागले. पुरावा म्हणून त्यांनी रोजचे उष्णतामान मांडून आणले होते. मी त्यांस बंगल्याच्या सामानाची यादी दाखविली. तीत खाटा होत्या, कंदील होते, बादल्या होत्या. हवा नव्हती. जी वस्तू आम्ही ताब्यात दिलीच नाही, तिच्या गुणदोषाबद्दल आम्ही बांधील नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही मामलेदार व्हावयास हवे होते." यास मी प्रशंसा समजलो. त्यांचा तसा हेतू नव्हता.

अशी माणसे पुष्कळ भेटली. परंतु विसार परत मिळविण्यासाठी एखाद्या गल्लीतील सर्व माग बंद पडल्याचे उदाहरण एकच.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या पुढेमागे, संक्रांतीनंतर, नरसय्या नावाचे एक विणकर कचेरीत आले. पूर्वभागातील एका गल्लीत त्यांचे हातमाग होते. घरात तेलुगू, बाजारात मराठी. धोतर स्वच्छ, डोक्यास रुमाल, बोलणे सावकाश.

"बंगला पायजे," ते म्हणाले.

"कोणासाठी?"

"आमच्यासाठी."

हवापालटास येणाऱ्यांत निम्मे आजारी असत, म्हणून मी विचारले, "घरात आजारी कोण आहे?"

"कोनी न्हाय की."

"मग लोणावळ्यास काय काम आहे?"

"काम न्हाय म्हनूनच जायाचं हाय."

मी लेखणी खाली ठेवली. त्यांनी सांगितले ते असे. एकदा माल घेऊन ते मुंबईस निघाले होते. उजाडता गाडी लोणावळ्यास थांबली. रुळापलीकडच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात एक गृहस्थ लांब हातांच्या खुर्चीत, त्या हातांवर पाय टाकून बसले होते. वाचीत नव्हते, बोलत नव्हते, काहीही करीत नव्हते.

"पंत, आमच्या गल्लीत पाय थांबला की माग थांबतो," नरसय्या म्हणाले. "त्यो मानूस पाय वर करून बसला होता, आन त्याचं काईबी थांबत न्हवतं. तवाच ठरिवलं. जल्मात एकदा आठ दिस तसं बसायचं."

पैशाची व्यवस्थाही त्यांनी केली होती. गल्लीतील विणकरांची भिशी नरसय्यांकडे होती. दरमहा प्रत्येकाने ठरावीक रक्कम टाकावयाची आणि चिठ्ठी निघेल त्याने सर्व उचलावयाची, अशी ती पद्धत. त्या वर्षी कोणीच उचलावयाचे नाही, सर्वांनी मिळून वैशाख अखेरीस आठ दिवस लोणावळ्यास जावयाचे, असे ठरले. लग्नसराईचा माल तोवर बाजारात गेलेला असतो.

"कुटुंबे बरोबर आहेत काय?" मी यादीसाठी विचारले.

"बाया कशाला?" नरसय्यांना प्रश्नाचे नवल वाटले. "त्यांला थंडी बादती."

मी तसे लिहून घेतले. विसार पानावर ठेवला गेला.

पाडवा होऊन काही दिवस गेले आणि नरसय्या पुन्हा आले. रुमाल हातात होता. पूर्वीचा सावकाशपणा गेला होता.

"पंत, लोनावळं रद्द करायचं हाय."

"करा. विसार परत मिळणार नाही."

"तसं नका म्हनू. विसार न्ह्यायलाच आलोय. बाया बसल्या की."

"कोठे?"

"घरातच. हात बांधून."

येथे थोडे समजावून सांगणे प्राप्त आहे. मागावर धोटा धावतो आणि धोट्यात सुताची लहान कांडी असते. ती संपली की दुसरी लागते. कांड्या रहाटावर भरतात, आणि हे काम घरातील बायका करतात. कांडी नाही तर धोटा रिकामा, धोटा रिकामा तर माग मुका. विणकर कितीही कसबी असो, त्याची कला बायकोच्या रहाटावरून सुरू होते. हे त्यास ठाऊक असते. तो बोलत नाही.

पाडव्याच्या दिवशी कोणीतरी लोणावळ्याचा बेत बायकांसमोर बोलून गेला. नरसय्यांच्या पत्नी बालम्मा यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमी आठ दिस पाय वर करून बसनार व्हय? मग आमी आजपास्नंच बसतो." त्यांनी रहाट भिंतीकडे सरकविला. तासाभरात गल्लीतील सर्व रहाट भिंतीस लागले. नरसय्यांनी बाहेरून कांड्या भरणाऱ्या बोलाविण्याचा प्रयत्न केला. त्या बायकाही शेजारच्याच गल्लीतल्या. कोणी आली नाही.

"मग तुम्ही बेत रद्द केला, तेथे प्रश्न मिटला," मी म्हणालो.

"मिटतोय कुटं? आमी रद्द केलं म्हनून सांगितलं. घरातली म्हनती, तोंडानं रद्द झालेलं आमाला कळत न्हाय. विसार परत आनून दाखवा, मग रहाट फिरंल."

बालम्मांचे म्हणणे व्यवहाराचे होते. पैसे जोवर लोणावळेवाल्यांकडे आहेत तोवर पुरुष जाणार नाहीत यास पुरावा काय? परंतु इकडे अक्षय तृतीया जवळ येत होती. त्या दिवशी माल देण्याचा शब्द नरसय्यांनी सगळ्या गल्लीतर्फे पेठेतील व्यापाऱ्यास दिला होता. त्याच शब्दावर पुढच्या हंगामाचे सूत उधार मिळावयाचे होते. विसार आला नाही तर रहाट नाही, रहाट नाही तर माल नाही, माल नाही तर सूत नाही. शिवाय भिशीचे पैसे नरसय्यांच्या हातून बुडाले असे झाले असते, आणि पुन्हा कोणी त्यांच्या हाती भिशी दिली नसती.

मी आत जाऊन तात्यासाहेबांस विचारले. ते म्हणाले, "एकास सोडले की उद्या ओटीवर रांग लागेल. दुसरा भाडेकरी आणा म्हणावे. लगेच परत करतो."

नरसय्यांनी सारे सोलापूर पालथे घातले. डॉक्टरांकडे गेले, त्यांचे महाबळेश्वर ठरलेले होते. कापडाच्या व्यापाऱ्याकडे गेले; तो म्हणाला, तुम्ही घेतलेला बंगला तुम्हीच का सोडता? नरसय्यांना खरे कारण सांगण्याची लाज वाटली. ते गप्प राहिले, आणि गप्प राहिल्यामुळे बंगल्यात भूत असल्याची वार्ता उठली. चार दिवसांनी तीन वेगळ्या गृहस्थांनी मला येऊन विचारले की भूत स्त्रीचे की पुरुषाचे. मी त्यांस सामानाची यादी दाखविली. तीत भूत नव्हते. यादीवर एवढा विश्वास माझ्याखेरीज कोणाचा नव्हता.

"पंत, तुमच्या वळकीत कोनी हाय का बगा की," नरसय्या रोज येऊन म्हणत. मी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. भुताने सर्वत्र माझ्याआधी हजेरी लावली होती.

अशात एका सकाळी बालम्मा स्वतः आल्या. बरोबर गल्लीतील दोन बायका. उंच, सडसडीत बाई, कपाळावर मोठे कुंकू, आवाज खणखणीत. मी खुर्ची दाखविली. त्या जमिनीवर बसल्या.

"आमचे मालक खरं बोलत्यात का खोटं, ते बगाया आले," त्या म्हणाल्या. "विसार खरंच अडकलाय?"

"खरेच अडकला आहे."

"कशापायी?"

मी नियम सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगावयास लावला.

"म्हंजे दुसरा भाडेकरी आला तर पैशे परत?"

"पुरे परत."

"कोनीबी चालंल?"

"सभ्य माणूस असावा आणि त्याने आपला विसार द्यावा."

बालम्मांनी बरोबरच्या दोघींकडे पाहिले. तेलुगूत काही झपाट्याने बोलणे झाले. ते मला समजले नाही. दोघींचे डोळे मोठे झाले एवढे दिसले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाईमानूस चालंल?"

तोवर तात्यासाहेब बाहेर आले होते. प्रश्नाचा रोख त्यांना चटकन कळला.

"कोण बाईमाणूस?"

"मी. आमी समद्या. त्याच तारखा, त्योच बंगला."

"ते कसे होईल?" तात्यासाहेब म्हणाले. "भाडेकरी दुसरा हवा. तुम्ही नरसय्यांच्या पत्नी. पती-पत्नी म्हणजे एकच."

"एकच?" बालम्मा म्हणाल्या. "पाडव्यापास्नं माझं हात बांदलेत, साहेब. मी आन मालक एकच असतो, तर त्यांच्या हातानं कांड्या का न्हाय भरल्या?"

पडद्यामागे अडकित्ता थांबला.

तात्यासाहेबांनी दुसरीकडून वाट शोधली. "आणि तुमचा विसार कोठून येणार?"

"मालकांला परत मिळंल, त्यातनं."

"ते पैसे भिशीचे. पुरुषांचे."

"साहेब, भाईरची बाई कांड्या भरती, तिला मजुरी मिळती. घरची भरती, तिला जेवन मिळतं. त्ये बी तिनंच रांदलेलं. लगीन झाल्यापास्नंची मजुरी मागितली तर तुमचं तिन्ही बंगलं आमालाच द्यावं लागतील. आमी आठच दिस मागतोय."

बरोबरच्या दोघी पदराआड हसल्या. तात्यासाहेब हसले नाहीत, पण खुर्चीत बसले. तेव्हा पडद्यामागून बाईसाहेबांचा आवाज आला. त्या कचेरीच्या कामात बोलल्याचे हे मी प्रथमच ऐकले.

"उत्तर द्या ना."

तात्यासाहेबांनी उत्तर मजकडे ढकलले. "पंत, नियम काय म्हणतो?"

मी नियमांचा नोकर होतो आणि आजही त्याची लाज वाटत नाही. मी म्हणालो, "त्याच तारखांना दुसरा भाडेकरी हजर आहे. भाडेकरी पुरुष असावा असे लिहिलेले नाही. विवाहित नसावा असेही लिहिलेले नाही. विसार परत केला पाहिजे."

"आणि सभ्यपणाची हमी?"

"वकिलांपेक्षा बऱ्या वाटतात."

दुसऱ्या दिवशी ओटीवर दोन बाजू झाल्या. एकीकडे नरसय्या आणि भिशीची मंडळी, दुसरीकडे बालम्मा आणि गल्लीतील बायका. मी पेटी उघडली आणि विसार नरसय्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. इतके दिवस ताठलेली मान सैल झाली. त्यांनी पैसे उंच धरून पत्नीस दाखविले.

"बग. आलं. बुडालं न्हाय."

"बगितलं," बालम्मा म्हणाल्या आणि हात पुढे केला.

नरसय्या भिशीवाल्यांकडे वळले. त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा सावकाश झाला होता. "गड्यांनो, तुमचा पैसा परत आनतो म्हनालो हुतो, आनला. आपापला वाटा घ्या. म्होरं आपापल्या घरात काय हुईल ते मला इचारू नका."

कोणीही वाटा घेण्यास पुढे आले नाही. प्रत्येक जण समोर उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहत होता, आणि बायका सरळ पाहत होत्या. शेवटी सर्वांत वडील विणकर, राजय्या, भिंतीला टेकूनच म्हणाले, "दे बाबा नरसय्या. माग चालू हुंदे. दुप्पारी बोलायचं आसंल त्ये बोलू."

बालम्मांनी पैसे घेतले, पान मागितले, आणि पानावर विसार ठेवला. मी तो पेटीत टाकला. आतून तात्यासाहेबांनी विचारले, "विसार परत दिलात?"

"दिला."

"नवा घेतलात?"

"घेतला."

"मग पेटीत फरक काय पडला?"

"पेटीत काही नाही," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी त्या गल्लीवरून मला जावयाचे होते. खरे तर नव्हते, परंतु गेलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मागांची खटखट चालू होती, आणि तिच्याखाली रहाटांचा बारीक घरघराट. अक्षय तृतीयेस माल पेठेत पोहोचला. नरसय्यांस सूत उधार मिळाले आणि भिशीही त्यांच्याकडेच राहिली.

वैशाख अखेरीस बायका निघाल्या. तान्ही मुले बरोबर, बाकीची बापांपाशी. स्टेशनवर पुरुषांना सूचना चालल्या होत्या. भाकरीचे पीठ कोठे आहे, कोणत्या मुलास ताक द्यावयाचे नाही, कोणत्या शेजारणीशी भांडण चालू आहे. आठ दिवस माग पूर्ण बंद ठेवण्याऐवजी कांड्या आपणच भरू, असे पुरुषांनी ठरविले होते. बालम्मांनी नरसय्यांच्या बोटांकडे पाहिले. ते पाहणे नरसय्यांस फारसे आवडलेले दिसले नाही.

ताबा देण्यास मी लोणावळ्यास गेलो. यादी वाचीत एकेक वस्तू दाखवीत होतो. व्हरांड्यात लांब हातांच्या खुर्च्या आल्या. बालम्मांनी एकीभोवती फेरी मारली.

"हिच्यात बसतात कसं ते दिसतंय," त्या म्हणाल्या. "उठतात कसं?"

इतकी वर्षे मी त्या खुर्च्या मोजून ताब्यात दिल्या आणि मोजून परत घेतल्या. त्यांत बसलो कधीच नाही. ताबा देणाऱ्याने बसावयाचे नसते. आता वाटते, एकदा बसून पाहावयास हरकत नव्हती.

मी त्याच दिवशी परतलो. पुढील हकीकत धोंडी माळ्याची. पहिल्या दिवशी बायकांनी पहाटे उठून सडा घातला, बंगला झाडला, भांडी घासली, धोंडीचीही घासली, आणि दहाच्या सुमारास सर्व काम संपल्यामुळे घाबरून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या व्हरांड्यात बसल्या, परंतु हात मांडीवर आपोआप रहाट फिरवीत होते. तिसऱ्या दिवशी राजय्यांची म्हातारी खुर्चीच्या हातांवर पाय टाकून निजली आणि तिला कोणी उठविले नाही. "चवथ्या दिवशी, पंत," धोंडी म्हणाला, "च्या मीच केला. पाचव्या दिवशी त्यो ग्वाड कमी हाय म्हनून मागारी धाडला."

परतीच्या गाडीस मी किल्ल्यांसाठी स्टेशनवर गेलो. पुरुष मंडळी रांगेने उभी होती. नरसय्यांच्या बोटांस चिंध्या बांधल्या होत्या. पाठीमागे मुले होती. त्यांचे केस कोणीतरी विंचरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. गाडी थांबली. बालम्मा उतरल्या. चेहऱ्यावर उजळपणा होता. बाकी त्या तशाच होत्या.

"समद्या कांड्या भरल्या," नरसय्यांनी पहिलीच बातमी दिली, आणि खिशातून एक काढून दाखविली. बायकोस दाखविण्यासाठी ते ती मुद्दाम घेऊन आले होते.

बालम्मांनी सुताचे टोक धरून ओढले. सूत हातभर आले आणि अडकले. त्यांनी दुसरीकडून ओढले. कांडीचा निम्मा भाग गुंताच होऊन हातात आला. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. कांडी शेजारणीस दिली. तिने ती पुढे दिली. अशी ती सर्व बायकांच्या हातून फिरत राजय्यांच्या म्हातारीपाशी गेली. म्हातारीने ती डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली, आणि दात नसलेल्या तोंडाने हसू लागली. त्यानंतर कोणासही आवरेना. हमाल ओझी खाली ठेवून पाहू लागले. नरसय्या क्षणभर ताठ उभे राहिले, मग तेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कांडीला मजुरी काय पडती गं?" त्यांनी डोळे पुसून विचारले.

"मला काय ठावं?" बालम्मा म्हणाल्या. "मला कुटं कोन देतंय?"

पुढे त्या गल्लीत घरच्या बाईसही कांड्यांची मजुरी मिळू लागली, असे ऐकले. ती माझी बाब नसल्यामुळे मी खात्री केली नाही. माझी बाब बंगल्याची होती. एक कप फुटला होता. त्याचे पैसे बालम्मांनी मी मागण्यापूर्वी दिले. बंगला ज्या स्थितीत दिला त्याहून स्वच्छ परत मिळण्याचा तो माझ्या नोकरीतील एकमेव प्रसंग.

त्यानंतर काही दिवसांनी तात्यासाहेबांनी मला बोलाविले. प्रकरण त्यांच्या मनातून गेले नव्हते.

"पंत, नियमात दुरुस्ती केली पाहिजे. घेणाऱ्याची पत्नी ही दुसरी भाडेकरी समजली जाणार नाही, असे स्पष्ट लिहा. नाहीतर उद्या प्रत्येक जण बायकोस पुढे करील."

मी लेखणी बुडविली. पडदा बाजूला झाला आणि बाईसाहेब प्रथमच कचेरीत आल्या. हातात अडकित्ता तसाच होता.

"लिहा पंत, जरूर लिहा," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्याखाली हेही लिहा की बंगल्याच्या मालकाची पत्नी कोण समजली जाईल. लग्न होऊन आल्यापासून मी लोणावळ्याच्या बंगल्यांचे बोलणे ऐकते आहे. इतके भाडेकरी राहून गेले, विणकरांच्या बायका जाऊन आल्या, माळी तर तेथेच राहतो. मी अजून ते गाव पाहिलेले नाही."

तात्यासाहेब माझ्याकडे पाहू लागले. मी दौतीकडे पाहू लागलो.

"राहू द्या, पंत," ते म्हणाले. "आहे तोच नियम पुरेसा आहे."

पुढच्या संक्रांतीस पहिला विसार पानावर पडला तो मधल्या बंगल्याचा, चैत्रातील पंधरा दिवसांसाठी. पैसे तात्यासाहेबांनी दिले. पावती मी बाईसाहेबांच्या नावे फाडली. त्यांनी ती दोनदा वाचली, आणि विचारले की ऐन वेळी बेत फिरला तर विसार परत मिळतो काय.

मी म्हणालो, "नाही, बाईसाहेब. जावेच लागते."